इंदुरात अवकाशावरचं व्याख्यान ऐकायला जाताना

चांद्रयान-3 चंद्रावर उतरलं ते 23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी. 2024 पासून ती तारीख राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून पाळली जाते. त्यामुळे ऑगस्ट जवळ आला की कॉलेजांच्या सूचनाफलकावर, पेपरातल्या कार्यक्रमांच्या रकान्यात आणि कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अवकाशावरच्या व्याख्यानांची निमंत्रणं दिसू लागतात. बहुतेक ठिकाणी प्रवेश मोफत असतो. तरी पुष्कळ जण जात नाहीत. काहींना धास्ती असते, "आपल्याला त्यातलं काय कळणार?" बाकीच्यांचं म्हणणं, "सगळं यूट्यूबवर आहेच की."

यूट्यूबवाल्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. नुसती माहिती हवी असेल तर ती घरबसल्या जास्त नीट मिळते, हवी तिथे थांबवता येते, मागे नेता येते. सभागृहात जायचं ते शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांसाठी. ज्याने यानाचा एखादा भाग स्वतः तपासलाय किंवा यानाकडून आलेल्या आकड्यांत वर्षं घालवली आहेत, तो माणूस तेव्हा समोर उभा असतो आणि त्याला विचारता येतं. पुढचं सगळं त्या पंधरा मिनिटांची तयारी समजून वाचा.

कुठे आणि कधी

इंदूरकरांना व्याख्यानमालेचं अप्रूप नाही. अभ्यास मंडळाची उन्हाळी व्याख्यानमाला कित्येक दशकं चालू आहे. तिथे राजकारणापासून विज्ञानापर्यंत विषय येतात आणि लोक भर उन्हाळ्यातही ऐकायला जातात. जाल सभागृह, रवींद्र नाट्यगृह आणि अहिल्या वाचनालयाच्या आवारातलं प्रीतमलाल दुआ सभागृह, या तीन ठिकाणी काय चाललंय यावर नजर ठेवा. शहरातले बरेच जाहीर कार्यक्रम तिथेच सापडतात.

दुसरा स्रोत म्हणजे कॉलेजं आणि विद्यापीठ. 1891 सालचं होळकर विज्ञान महाविद्यालय आणि देवी अहिल्या विश्वविद्यालयाचे विज्ञान विभाग यांचे कार्यक्रम मुळात विद्यार्थ्यांसाठी असतात, पण बाहेरच्याने आधी फोन करून "आलं तर चालेल का?" विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. न विचारता फाटकावर जाऊन चौकीदाराशी वाद घालण्यापेक्षा हे बरं.

आयआयटी इंदूरमध्ये खगोलशास्त्र, खगोलभौतिकी आणि अंतराळ अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. विषयातलं सर्वात खोल बोलणं तिथे ऐकायला मिळेल. अडचण एवढीच की कॅम्पस सिमरोलला, खंडवा रोडवर, शहरापासून पंचवीसेक किलोमीटर लांब. भंवरकुआं, तेजाजीनगर ओलांडून जाईपर्यंत संध्याकाळच्या गर्दीत एक तास सहज जातो, आणि रात्री परत यायला वाहन मिळेलच असं नाही. चारजण मिळून एक गाडी करा. नाव आधी नोंदवावं लागतं का आणि फाटकावर कोणतं ओळखपत्र चालतं, तेही विचारून ठेवा.

राजेंद्रनगरच्या बाजूला राहणाऱ्यांना 'कॅट' जवळचं, म्हणजे राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्र. तिथे विज्ञान दिनाच्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी दारं उघडतात. जायला मिळालं तर जरूर जा, पण ते लेसर आणि कणत्वरकांचं, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांचं केंद्र आहे. रॉकेट पाहायला मिळेल या आशेने मुलांना नेऊ नका. तिथलं इंडस-2 हे असं यंत्र मात्र त्यांना दाखवण्यासारखं आहे.

तारखा लक्षात ठेवायला सोप्या आहेत. 28 फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. 1928 मध्ये त्या दिवशी रामन परिणामाचा शोध लागला. 23 ऑगस्ट वर आलाच. 4 ते 10 ऑक्टोबर हा जागतिक अंतराळ सप्ताह. त्याची एक कड 1957 च्या स्पुटनिक या पहिल्या उपग्रहाची आणि दुसरी 1967 च्या बाह्य अवकाश कराराची. माझं मत विचाराल तर फेब्रुवारी सर्वात चांगला. ऑगस्टमध्ये पाऊस असतो, आणि ऑक्टोबरचा सप्ताह काही वर्षी नवरात्रात येतो. मग वक्ता मंगळाबद्दल बोलत असतो आणि खिडकीतून गरबा ऐकू येतो.

वक्ता कोण, हे आधी पाहा

निमंत्रणावर विषय मोठ्या अक्षरांत असतो आणि वक्त्याची ओळख बारीक. तुम्ही बारीक अक्षरं आधी वाचा. त्यावरून कळतं की काय ऐकायला मिळणार आणि काय विचारता येणार.

इस्रोत काम केलेला अभियंता असेल तर त्याने नेमकं काय केलं ते शोधा: इंधन, नियंत्रण प्रणाली, दळणवळण की प्रतिमा. मोहीम हजारो माणसांची असते. त्यातल्या ज्या तुकड्यावर त्याने आयुष्य घालवलं, त्याबद्दल तो तासभर रंगून बोलेल. बाकीच्याबद्दल त्यालाही तुमच्याआमच्यासारखं पेपरात वाचूनच माहीत असण्याची शक्यता असते.

प्राध्यापक असेल तर बोलणं यानापेक्षा यानाने काय पाहिलं याकडे झुकतं. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल1 या यानावरची सात उपकरणं वेगवेगळ्या संस्थांनी केली. त्यातलं सूर्याची अतिनील प्रतिमा घेणारं सूट हे उपकरण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचं. अशा उपकरणावर काम केलेलं कुणी येणार असेल तर ती संध्याकाळ सोडू नये.

तिसरा प्रकार विज्ञानप्रसारकांचा. नवख्याने इथूनच सुरुवात करावी, कारण यांना समजावून सांगता येतं.

आणि चौथा प्रकार असतो. पोस्टरवर रॉकेट असतं, पण भाषणात स्वप्नं, जिद्द आणि यशाचे सात मंत्र. हेही लोकांना आवडतं, माझी तक्रार नाही, फक्त अवकाशासाठी म्हणून जाऊ नका. ओळखायची खूण सोपी आहे: वक्त्याच्या परिचयात किती देश फिरले, किती लाख लोकांना प्रेरणा दिली हे असतं, पण काय काम केलं हे नसतं.

भाषेचंही सांगून टाकतो. शहरातली व्याख्यानं बहुतेक हिंदीत, आयआयटीत इंग्रजीत, आणि मराठीत क्वचित. मराठी ऐकायचंच असेल तर पुण्याच्या आयुकाची शाळकरी मुलांसाठीची दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं आहेत. त्यातली काही मराठीत असतात आणि इंटरनेटवर सापडतात. घरातल्या आजी-आजोबांबरोबर बसून ऐकायला ती छान.

आदल्या रात्री अर्धा तास

तयारी म्हणजे पुस्तक वाचून काढणं नव्हे. चार गोष्टी डोक्यात स्पष्ट असल्या की भारतीय मोहिमांवरचं कुठलंही व्याख्यान निम्म्याहून जास्त कळतं.

पहिली गोष्ट, कक्षा म्हणजे काय. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण 400 किलोमीटरवर आहे, म्हणजे इंदूर ते नागपूर रस्त्याने जेवढं, तेवढंही नाही. तिथे गुरुत्वाकर्षण जवळजवळ इथल्याइतकंच असतं. मग माणसं का तरंगतात? स्थानक सतत पृथ्वीकडे पडत असतं, पण त्याच वेळी ताशी सुमारे 28,000 किलोमीटर वेगाने आडवंही जात असतं, त्यामुळे पडता पडता जमीन चुकत राहते. आतली माणसंही त्याच्याबरोबर पडत असतात. शुभांशू शुक्ला जून-जुलै 2025 मध्ये तिथे होते तेव्हा साधारण दर दीड तासाला त्यांची एक प्रदक्षिणा होत होती. "तिथे गुरुत्वाकर्षण नसतं" हे वाक्य एकदा डोक्यातून काढलं की पुढचं सोपं जातं.

दुसरी, रॉकेटचे टप्पे. रॉकेटचं बहुतेक वजन इंधनाचंच असतं. रिकामी टाकी ओढत नेणं परवडत नाही म्हणून ती वाटेत टाकून देतात. पीएसएलव्हीला चार टप्पे: घन, द्रव, घन, द्रव. चांद्रयान-3 नेणाऱ्या एलव्हीएम-3 ला दोन्ही बाजूंना घन इंधनाचे बूस्टर, मध्ये द्रव टप्पा आणि वर क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजनवर चालणारा. वक्ता एस-200, एल-110, सी-25 असं काही म्हणाला तर घाबरू नका. अक्षर इंधनाचा प्रकार सांगतं आणि आकडा साधारण किती टन ते.

तिसरी गोष्ट दरवेळी कुणीतरी विचारतंच: अमेरिकेची माणसं चार दिवसांत चंद्रावर उतरली, आपल्याला चाळीस दिवस का लागले? अपोलो-11 हे 16 जुलै 1969 ला निघालं आणि 20 ला उतरलं. चांद्रयान-3 निघालं 14 जुलैला आणि उतरलं 23 ऑगस्टला. अपोलोचं सॅटर्न-5 रॉकेट उड्डाणाच्या वेळी सुमारे 2,900 टनांचं होतं, आपलं एलव्हीएम-3 सुमारे 640 टनांचं. एका दमात चंद्रापर्यंत ढकलायची ताकद नसल्यामुळे यान आधी पृथ्वीभोवती लंबगोल कक्षेत ठेवलं. मग ते दर फेरीत पृथ्वीच्या सर्वात जवळ आलं की इंजिन थोडा वेळ चालवायचं. झोक्याला नेमक्या जागी हात लावला की तो दरवेळी जास्त उंच जातो, तशी कक्षेची लांबची बाजू दूर दूर जाते. 1 ऑगस्टला यान चंद्राच्या वाटेला लागलं, 5 ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत शिरलं. वेळ जास्त लागला, पण रॉकेट लहान पुरलं. हे आधी माहीत असेल तर व्याख्यानात तुम्हाला त्याच्या पुढचं विचारता येईल: कुठल्या फेरीत इंजिन किती वेळ चालवायचं हे कोण ठरवतं, आणि एखादी फेरी हुकली तर पर्याय काय असतो?

चौथी, अंतर आणि वेळ. चंद्रापर्यंत संदेश जायला सव्वा सेकंद लागतो, मंगळापर्यंत अंतराप्रमाणे तीन ते बावीस मिनिटं. मंगळयान 24 सप्टेंबर 2014 ला मंगळाच्या कक्षेत शिरलं तेव्हा एका बाजूचा प्रवासच बारा मिनिटांच्या वर होता. बंगळूरूत बसून ब्रेक दाबणं शक्यच नव्हतं, यानाला सगळं आधीच शिकवून ठेवावं लागलं. चंद्रावर उतरतानाही शेवटची मिनिटं यान स्वतःच्या बुद्धीने चालतं. नियंत्रण कक्षातले ते ताणलेले चेहरे टीव्हीवर आठवत असतील. त्या वेळी त्यांच्या हातात फारसं काही नव्हतं.

एवढं झालं की त्या दिवसाच्या मोहिमेची पाच वाक्यं इस्रोच्या अधिकृत संकेतस्थळावर वाचा: कधी गेलं, कुठे गेलं, बरोबर काय नेलं, काय मिळालं, आता काय स्थिती आहे. फॉरवर्ड होऊन आलेल्या संदेशावर तयारी करू नका. त्यांत नासाने न सांगितलेल्या पुष्कळ गोष्टी नासाच्या नावावर असतात.

त्या दिवशी

वेळ सहाची असेल तर दीपप्रज्वलन, सरस्वती वंदना, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांचे दोन शब्द होऊन मुख्य बोलणं पावणेसातला सुरू होईल. तरी सहालाच पोहोचा, कारण पुढची जागा हवी. स्लाइडवरचे आकडे मागून दिसत नाहीत आणि प्रश्नांचा माइक मागपर्यंत पोहोचता पोहोचता वेळ संपतो. कडेची खुर्ची धरा, उठून माइकपर्यंत जाणं सोपं जातं. अगदी पहिली रांग सत्काराच्या पाहुण्यांसाठी असते, तिथे बसलात तर उठवतील.

लहान मुलांना नेत असाल तर साधारण दहा वर्षांपुढची न्या आणि वाटेत चार गोष्टींपैकी दोन तरी सांगा. त्याहून लहान मूल चाळिसाव्या मिनिटाला पाणी मागेल, पन्नासाव्याला घरी जायचंय म्हणेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल.

वहीत काय लिहायचं

सगळं लिहीत बसू नका आणि प्रत्येक स्लाइडचा फोटो काढायला हात वर करून मागच्यांचा पडदाही अडवू नका. पान मधोमध दुमडा. डावीकडे आकडे आणि नावं, उजवीकडे जिथे अडलं ते. वक्ता म्हणाला, "मग आम्ही पायांची रचना बदलली", आणि तुमच्या मनात आलं, का बदलली, तर उजवीकडे तीन शब्द टाका: "पाय, का बदलले?" व्याख्यान संपेपर्यंत उजव्या बाजूला सात-आठ ओळी होतात. त्यातल्या निम्म्यांची उत्तरं पुढच्या बोलण्यात येऊन जातात, त्या खोडा. उरलेल्यांतून एक निवडा.

प्रश्न

प्रश्नांच्या वेळेला पहिला हात वर जातो तो सहसा भाषण करणाऱ्याचा. "मी निवृत्त अमुक, माझं असं मत आहे की..." इथून सुरू होऊन चार मिनिटांनी "यावर आपलं काय म्हणणं?" इथे थांबतो. दुसरा हात असतो "एलियन आहेत का?" हा. तिसरा, "आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच माहीत होतं ना?" वक्ता हसतो, सभ्यपणे काहीतरी बोलतो, आणि दहा मिनिटं गेलेली असतात.

तुमचा प्रश्न दोन वाक्यांत बसला पाहिजे: पहिल्यात तुम्हाला काय माहीत आहे, दुसऱ्यात काय विचारायचंय. उदाहरण घ्या. चांद्रयान-2 चा लँडर 7 सप्टेंबर 2019 ला आदळला. चांद्रयान-3 साठी उतरण्याची जागा 500 मीटर बाय 500 मीटरवरून 4 किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर केली, पाय मजबूत केले, पाच इंजिनांची चार केली, इंधन वाढवलं आणि वेग मोजणारं लेसर उपकरण बसवलं. एवढं वाचून गेलेला माणूस "चांद्रयान-2 का पडलं?" असं विचारत नाही. तो विचारतो, "इंजिन कमी करूनही लँडर जास्त भरवशाचा कसा झाला? पाचवं इंजिन अडचण करत होतं का?" हा प्रश्न ऐकून वक्ता खुर्चीतून पुढे सरकतो. मग स्लाइडमध्ये नसलेलं बोलणं सुरू होतं.

खर्चाचा प्रश्न विचारायला हरकत नाही, पण "गरीब देशाला हे परवडतं का?" असा विचारलात तर ठरलेलं उत्तर येईल. चांद्रयान-3 चा खर्च सुमारे 615 कोटी रुपये. त्याऐवजी विचारा, "यातला मोठा वाटा कशावर गेला, रॉकेटवर, यानावर की चाचण्यांवर?" किंवा, "दहा टक्के पैसे कमी मिळाले असते तर तुम्ही काय गाळलं असतं?"

लँडर आणि रोव्हरबद्दल चांगला प्रश्न हवा असेल तर चंद्राच्या रात्रीबद्दल विचारा. तिथला दिवस आपल्या चौदा दिवसांचा आणि रात्रही तेवढीच, भयंकर थंडीची. 3 सप्टेंबर 2023 ला चांद्रयान-3 च्या विक्रम लँडरने इंजिन पुन्हा चालवून सुमारे 40 सेंटिमीटर उडी मारली, दुसऱ्या दिवशी त्याला झोपवलं, आणि पुढच्या सूर्योदयानंतर तो जागा झाला नाही. ती उडी ठरलेल्या कामात नव्हती. ती मारायची हे कसं ठरलं, धोका कोणी तोलला, याचं उत्तर आत काम केलेला माणूसच देऊ शकेल.

नोकरीत असलेल्या अधिकाऱ्याला पुढच्या उड्डाणाची तारीख विचारू नका. जाहीर झाली असेल तर ती संकेतस्थळावर आहे, नसेल तर तो सांगणार नाही. निवृत्त वक्ता असेल तर मात्र जुन्या काळात शिरा. केरळातल्या थुंबाहून पहिलं रॉकेट उडालं 21 नोव्हेंबर 1963 ला. 1975-76 मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत दूरदर्शन पोहोचवण्याचा 'साइट' हा प्रयोग झाला. त्यात मध्य प्रदेश होता, आणि त्यामागच्या प्रमुख माणसांपैकी एक होते कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस. रॉकेटच्या घन इंधनावर काम करणारे वसंत गोवारीकर, त्रिवेंद्रमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे पुढे संचालक झालेले प्रमोद काळे, ही नावं घेतली की त्या पिढीतल्या वक्त्याचा चेहरा बदलतो. या आठवणी कुठे लिहिलेल्या नसतात. विचारलं तरच निघतात.

माइक मिळाला नाही तर निराश होऊ नका. आभारप्रदर्शन चालू असतानाच व्यासपीठाच्या पायऱ्यांजवळ जाऊन उभे राहा. सेल्फीवाल्यांची गर्दी ओसरली की वक्ता दोन मिनिटं नक्की थांबतो. "सर, एकच विचारायचं होतं" एवढं म्हणा आणि खरोखर एकच विचारा. फोन नंबर मागू नका. "यावर आणखी कुठे वाचू?" हे विचारा, त्याचं उत्तर जास्त उपयोगी पडतं.

नंतर

ग्रुपने गेला असाल तर तिथून सराफ्यात जा. हिवाळा असेल तर गराडू, एरवी भुट्ट्याचा कीस. खाता खाता प्रत्येकाने आपल्याला न कळलेली एक गोष्ट सांगायची. दुसऱ्याला ती कळलेली असते, निदान दोघं मिळून नीट चुकतात तरी. घरी येऊन वहीच्या डाव्या बाजूचे दोन-तीन आकडे तपासा. बोलण्याच्या ओघात चांगला वक्ताही लाख आणि कोटीची गल्लत करतो. आदित्य-एल1 पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर आहे आणि सूर्य 15 कोटी किलोमीटरवर. म्हणजे ते यान सूर्याच्या वाटेवर जेमतेम शंभरावा हिस्सा गेलंय. "सूर्याजवळ पोहोचलं" असं कुणी म्हणालं असेल तर वहीत दुरुस्त करा.

ज्यांना आणखी आत जायचंय त्यांच्यासाठी इस्रोचं 'प्रदान' नावाचं पोर्टल आहे. चांद्रयान-2, आदित्य-एल1 अशा मोहिमांचा वैज्ञानिक डेटा तिथे नोंदणी करून पाहता येतो. घरात इंजिनिअरिंगचं एखादं मूल असेल तर त्याला कामाला लावा. आणि एखाद्या रविवारी उज्जैनला जाऊन सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा पाहून या. इंदूरपासून पंचावन्न किलोमीटर. यानं नव्हती तेव्हा लोक आकाश कसं मोजत होते, ते तिथल्या दगडी यंत्रांवर उन्हात उभं राहून कळतं.

आपल्या मंडळात भरवायचं असेल तर

दोन-चार व्याख्यानं ऐकून झाली की राजेंद्रनगर किंवा रामबागेतल्या एखाद्या मराठी मंडळात कुणीतरी म्हणणारच, "आपल्याकडे ठेवू या की." ठेवा. वक्त्याला निदान दोन महिने आधी पत्र लिहा आणि त्यात श्रोते कोण, वयं काय, भाषा कोणती, हे स्पष्ट लिहा. "अंतराळ विज्ञान" असा विषय देऊ नका, "चंद्रावर उतरायला अवघड का?" असा द्या. 23 ऑगस्टचाच हट्ट धरू नका, त्या दिवशी सगळे त्यालाच बोलावतात. सत्कार शेवटी ठेवा आणि एकाच माणसाचा ठेवा. प्रोजेक्टर दुपारीच त्याच्या पेन ड्राइव्हवर चालवून पाहा. आणि श्रोत्यांसाठी दुसरा माइक घ्या, तो एखाद्या चपळ मुलीच्या हातात द्या, आणि तिला सांगून ठेवा की पहिला प्रश्न शाळेतल्या मुलाचा, दुसरा शाळेतल्या मुलीचा, काकांची पाळी त्यानंतर.